समाजमाध्यमांवरील बदनामी : कायदा काय सांगतो?

पूर्वी गावात एखाद्याविषयी वावडी उठली तर ती पारावर, पाणवठ्यावर फिरे, चार दिवस टिके आणि पुढे आपोआप विरून जाई. आज तीच वावडी मोबाइलवरून काही क्षणांत गावाची वेस ओलांडते, तालुक्यात व जिल्ह्यात पसरते आणि वर्षानुवर्षे जशीच्या तशी कोठे ना कोठे शिल्लक राहते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांविषयी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एक मजकूर येतो : "पोषण आहाराचा तांदूळ गुरुजींनी विकला." सोबत पुरावा म्हणून एका पोत्याचे छायाचित्र तेवढे असते. सकाळपर्यंत तो मजकूर आसपासच्या गावांतील ग्रुपांवर पोचतो. गुरुजी वर्गात शिरतात तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागतात. पुढे चौकशी होते, साठा नोंदवहीशी तंतोतंत जुळतो, गुरुजी निर्दोष ठरतात. परंतु ज्यांनी ज्यांनी तो मजकूर वाचला, त्या सर्वांपर्यंत चौकशीचा निष्कर्ष कधीच पोचत नाही.

आता याच गावातील दुसऱ्या एका गृहस्थाचा विचार करू. शाळेच्या साठ्यात खरोखरच तूट आहे, असे त्याने स्वतः पाहिले आहे. त्याला ते उघड करावयाचे आहे. पण "बदनामीचा खटला भरू" अशी धमकी मिळेल या भीतीने तो गप्प बसतो. पहिल्या प्रसंगी एका प्रामाणिक शिक्षकाचा लौकिक धुळीस मिळतो, तर दुसऱ्या प्रसंगी मुलांच्या तोंडचा घास जातो. या दोन्ही माणसांना कायदा काय सांगतो, याची माहिती अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा उद्देश तोच आहे.

दोन जुने खटले

लौकिकाच्या रक्षणाचा प्रश्न समाजमाध्यमांनी प्रथमच निर्माण केला, असे नाही. महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन खटले या संदर्भात आजही बोधप्रद आहेत.

पहिला खटला मुंबईतील 'महाराज लायबल केस' या नावाने प्रसिद्ध आहे. करसनदास मुळजी या गुजराती सुधारकाने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात १८६० मध्ये एक लेख लिहून वल्लभ संप्रदायातील काही महाराजांच्या आचरणावर कठोर टीका केली. त्यावर जदुनाथजी महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा दाखल केला. आपण लिहिले ते सत्य आहे, असा बचाव करसनदासांनी घेतला आणि तो सिद्ध करण्यासाठी साक्षीदार उभे केले. डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांपैकी एक होत. १८६२ च्या एप्रिल महिन्यात निकाल लागला आणि सत्याचा हा बचाव न्यायालयाने मान्य केला.

दुसरा खटला त्यानंतर वीस वर्षांनी, १८८२ मध्ये उभा राहिला. कोल्हापूरच्या छत्रपतींना संस्थानच्या कारभाऱ्यांकडून वाईट वागणूक मिळत असल्याच्या वार्तेने लोक अस्वस्थ होते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्याविषयी 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी कठोर लिखाण केले. त्यासाठी आधार म्हणून घेतलेली पत्रे बनावट असल्याचे पुढे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. तथापि खटला चाललाच. लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या दोघांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले आणि त्या दिवसांचे वर्णन आगरकरांनी नंतर पुस्तकरूपाने लिहिले.

या दोन खटल्यांत अब्रुनुकसानीच्या कायद्याचे सार सामावले आहे. करसनदासांच्या हाती पुरावा होता म्हणून ते टिकले. टिळक व आगरकर यांचा हेतू निर्मळ होता, लोकहिताची कळकळ होती. परंतु हाती आलेला कागद खरा की खोटा, हे पडताळून पाहण्यात उणीव राहिली. हेतू चांगला असला तरी पडताळणीची जबाबदारी टळत नाही, हा तो धडा होय. आज मोबाइलवर आलेला मजकूर न तपासता पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाला हा धडा लागू पडतो.

बदनामी कशाला म्हणतात?

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४९९ व ५०० यांमध्ये बदनामीची व्याख्या आणि शिक्षा सांगितलेली होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ ही लागू झाली असून तिच्या कलम ३५६ मध्ये हीच तरतूद करण्यात आली आहे. या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना मात्र जुन्या संहितेचीच कलमे लागू होतात.

बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांनी, खुणांनी अथवा चित्राने एखाद्या व्यक्तीवर असा आरोप करणे वा प्रसिद्ध करणे की ज्यायोगे तिच्या लौकिकाला बाध येईल, आणि तसा बाध यावा असा हेतू असणे किंवा तो येईल याची जाणीव असणे, ही बदनामीची मुख्य लक्षणे होत. यातील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे, मजकूर तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोचला पाहिजे. एखाद्याने दुसऱ्याला एकट्यालाच खाजगी संदेश पाठवून "तू चोर आहेस" असे म्हटले, तर ती बदनामी होत नाही; कारण त्याचा लौकिक इतरांच्या मनात असतो आणि तेथे काहीच पोचलेले नसते. तोच संदेश ग्रुपवर टाकला की तो प्रसिद्ध झाला असे धरले जाते.

दुसरी गोष्ट अशी की, नाव घेतले नाही म्हणून सुटका होत नाही. "आमच्या शाळेतील तांदूळवाले गुरुजी" असे लिहिले आणि ते कोण हे वाचणाऱ्यांना कळले, तर तेवढे पुरेसे होते. उपरोधाने, प्रश्नाच्या रूपाने किंवा व्यंगचित्रातून केलेला आरोपही बदनामीच्या व्याख्येत येऊ शकतो. "तांदूळ पाय फुटून बाजारात गेला की काय?" असे विचारून शेवटी हसरा चेहरा जोडल्याने आरोपाचे स्वरूप पालटत नाही.

तिसरी गोष्ट, कंपनी, संस्था किंवा व्यक्तींचा निश्चित समूह यांचीही बदनामी होऊ शकते. मृत व्यक्तीविषयीचा आरोपही, तिच्या आप्तांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केलेला असल्यास, या व्याख्येत येतो.

अपमान निराळा, बदनामी निराळी

सर्वसामान्य बोलण्यात अपमान आणि बदनामी हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. कायदा मात्र त्यांत भेद करतो. रागाच्या भरात दिलेली शिवी मनाला झोंबते. परंतु ती ऐकून कोणी त्या माणसाच्या चारित्र्याविषयी आपले मत बदलीत नाही. बदनामीत एखाद्या वस्तुस्थितीचा आरोप असतो, लोक त्यावर विश्वास ठेवतात आणि त्या माणसाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलते.

याचा अर्थ अपमानाला कायद्यात उत्तर नाही, असा मात्र नव्हे. सार्वजनिक शांततेचा भंग व्हावा या हेतूने जाणूनबुजून केलेला अपमान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ खाली अपराध आहे. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने वापरलेले शब्द व हावभाव यांसाठी कलम ७९ आहे. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्तीचा, ती त्या जाती-जमातीची असल्याने, लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी पाणउतारा करण्याच्या हेतूने अपमान केल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो आणि तो पुष्कळ कडक आहे. अश्लील मजकूर वा चित्रे इलेक्ट्रॉनिक माध्यमातून प्रसृत केल्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६७ अन्वये कारवाई होते. सबब, तक्रार करण्यापूर्वी घडलेली गोष्ट यांपैकी नेमकी कशात मोडते, हे पाहणे आवश्यक असते.

सत्य, लोकहित आणि दहा अपवाद

कायद्याने लौकिकाला संरक्षण दिले असले, तरी टीकेचे तोंड बंद केलेले नाही. कलम ३५६ मध्येच दहा अपवाद नमूद आहेत. त्यांपैकी काहींचा गावपातळीवरील व्यवहाराशी निकटचा संबंध येतो.

आरोप सत्य असेल आणि तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे असेल, तर फौजदारी कायद्याने ती बदनामी होत नाही. येथे दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. एखाद्याच्या घरगुती आयुष्यातील खरी, पण लोकहिताशी संबंध नसलेली गोष्ट चव्हाट्यावर आणणाऱ्याला या अपवादाचा आश्रय मिळेलच असे नाही. दिवाणी दाव्यात मात्र सत्य हाच पुरेसा बचाव मानला जातो.

लोकसेवकाच्या सार्वजनिक कर्तव्यपालनाविषयी, किंवा कोणत्याही सार्वजनिक प्रश्नासंबंधीच्या एखाद्याच्या वर्तनाविषयी सद्भावपूर्वक मत व्यक्त करणे ही बदनामी नव्हे. "सरपंचांनी रस्त्याचे काम निकृष्ट होऊ दिले असे माझे मत आहे" हे मतप्रदर्शन झाले. "सरपंचांनी ठेकेदाराकडून पैसे घेतले" हे वस्तुस्थितीचे विधान आहे आणि ते सिद्ध करण्याची तयारी ठेवूनच केले पाहिजे.

आठवा अपवाद नागरिकांच्या दृष्टीने सर्वांत उपयुक्त म्हणावा लागेल. ज्या अधिकाऱ्याला एखाद्या विषयात कायदेशीर अधिकार आहे, त्याच्याकडे सद्भावपूर्वक केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या गृहस्थाला याच अपवादाचा आधार आहे. साठ्यातील तूट त्याने गट शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळविली, काय पाहिले व केव्हा पाहिले हे नमूद केले, तर त्याला भिण्याचे कारण नाही. तोच मजकूर त्याने चारशे लोकांच्या ग्रुपवर टाकला तर मात्र त्या चारशेंपैकी कोणालाही चौकशीचा अधिकार नसल्याने हा अपवाद त्याच्या मदतीला येणार नाही. योग्य जागी केलेल्या तक्रारीला कायदा कवच देतो, एवढे जरी प्रत्येक गावात पोचले तरी अनेक खटले आणि अनेक गैरव्यवहार टळतील.

या अपवादांत 'सद्भाव' हा शब्द वारंवार येतो. त्याचा कायदेशीर अर्थ केवळ मनाचा निर्मळपणा असा नाही. योग्य ती दक्षता आणि अवधान बाळगल्यावाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक केली असे संहिता मानीत नाही. "मला जसे आले तसे मी पाठविले" हे उत्तर म्हणूनच अपुरे पडते.

पुढे पाठविणाऱ्याची जबाबदारी

मूळ मजकूर आपण लिहिलेला नाही, आपण तो फक्त पुढे पाठविला, असे समर्थन पुष्कळदा केले जाते. बदनामीच्या कायद्यात आरोप करणाऱ्याप्रमाणेच तो प्रसिद्ध करणाऱ्यावरही जबाबदारी येते. बदनामीकारक मजकूर समाजमाध्यमावर पुनःप्रसारित करणे हेही बदनामीच्या कलमात येऊ शकते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एका प्रकरणात म्हटले. ज्याचे शब्द पुष्कळ लोकांपर्यंत पोचतात, त्याची जबाबदारी त्या मानाने अधिक, असाही विचार त्या निर्णयात मांडला गेला. मुख्याध्यापक, ग्रामसेवक, सरपंच यांच्या शब्दाला गावात वजन असते. त्यांनी पुढे पाठविलेला मजकूर लोक खरा मानून चालतात, हे त्यांनी विसरता कामा नये.

ग्रुपच्या संचालकाविषयी, म्हणजे ॲडमिनविषयीही बरेच गैरसमज आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिलेल्या एका निर्णयानुसार, ग्रुपमधील सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे एवढ्यावरून जबाबदार धरता येत नाही. त्याचा त्या कृत्यात समान हेतू किंवा पूर्वनियोजित सहभाग असल्याचे दिसले पाहिजे. तरीही, जो मजकूर काढून टाकणे शक्य आहे तो काढणे आणि संबंधित सदस्याला समज देणे, हे जबाबदार ॲडमिनचे कर्तव्यच होय.

दिवाणी मार्ग आणि फौजदारी मार्ग

बदनामी झालेल्या व्यक्तीपुढे दोन मार्ग असतात आणि ते दोन्ही एकाच वेळी अनुसरता येतात.

दिवाणी मार्गाने नुकसानभरपाई मागता येते, तसेच मजकूर काढून टाकावा व पुन्हा प्रसिद्ध करू नये असा मनाई आदेश मागता येतो. जेथे बदनामी घडली किंवा जेथे प्रतिवादी राहतो, त्या ठिकाणच्या न्यायालयात दावा दाखल करता येतो. मुदतीचा कायदा, १९६३ अन्वये यासाठी मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून केवळ एक वर्षाचा अवधी आहे. इंटरनेटवरील मजकूर रोज दिसत राहतो, म्हणून रोज नवी मुदत सुरू होते काय, असा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला होता. मुदत प्रथम प्रसिद्धीपासून मोजावी, असा निर्णय त्या न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. म्हणून विलंब करणे हिताचे नाही. दुसऱ्या बाजूने, दाव्याची सुनावणी होण्यापूर्वीच मजकुरावर बंदी घालण्याचे आदेश सहजासहजी देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावले आहे; कारण सुनावणीआधीची बंदी ही पुष्कळदा कायमची बंदी ठरते.

फौजदारी मार्गाने अपराध सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते. नव्या संहितेने यात सामाजिक सेवेच्या शिक्षेची भर घातली आहे. हा अपराध अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलेल्या तक्रारदाराला पुष्कळदा परत यावे लागते, ते याचमुळे. बदनामीच्या बाबतीत पीडित व्यक्तीने स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यापुढे तक्रार दाखल करावयाची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२२ मध्ये ही तरतूद आहे. त्याच संहितेच्या कलम २२३ अन्वये, अशा तक्रारीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला आपले म्हणणे मांडण्याची संधी देणे आता आवश्यक झाले आहे. यासाठीची मुदत तीन वर्षांची आहे.

बदनामीला फौजदारी अपराध मानणे राज्यघटनेशी सुसंगत आहे काय, हा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्यावर ज्या कारणांसाठी वाजवी निर्बंध घालता येतात त्यांत बदनामीचा समावेश आहे आणि लौकिक हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, अशी भूमिका घेऊन १३ मे २०१६ रोजी न्यायालयाने ही कलमे वैध ठरविली.

हा अपराध तडजोडयोग्य आहे. ज्याची बदनामी झाली त्याची संमती असेल तर प्रकरण आपसांत मिटविता येते. मनापासून व्यक्त केलेली दिलगिरी आणि ज्या ग्रुपवर मजकूर टाकला त्याच ग्रुपवर दिलेला खुलासा यांनी पुष्कळ वाद न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच संपू शकतात. मात्र दिलगिरीने अपराध आपोआप पुसला जातो, असे समजू नये. १८८२ च्या खटल्याने ते दाखवून दिले आहे.

पुरावा कसा जपावा?

समाजमाध्यमांवरील बदनामीचे खटले पुष्कळदा पुराव्यावर अडतात. ई-मेलद्वारे झालेल्या बदनामीचे देशातील एक आरंभीचे प्रकरण २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले. एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याविरुद्ध तात्पुरता मनाई आदेश मिळविला. तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये दाव्याचा अंतिम निकाल लागला तेव्हा मात्र ते ई-मेल त्याच कर्मचाऱ्याने पाठविले हे सिद्ध होऊ शकले नाही. संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत न्यायालयात सादर करताना तिच्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी या प्रमाणपत्राची आवश्यकता निःसंदिग्ध शब्दांत स्पष्ट केली. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केले तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये ही तरतूद असून प्रमाणपत्राचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे.

व्यवहारात याचा अर्थ इतकाच की, मजकूर दिसताच संतापाने तो पुसून टाकू नये. पडद्याचे छायाचित्र घ्यावे. त्यात दिनांक, वेळ, ग्रुपचे नाव आणि पाठविणाऱ्याचा क्रमांक दिसेल असे पाहावे. मूळ संदेश मोबाइलमध्ये तसाच ठेवावा आणि शक्य तर तो मोबाइल विकू वा बदलू नये. फेसबुक, एक्स, यूट्यूब यांसारख्या माध्यमांवरील मजकुराचा पूर्ण दुवा लिहून ठेवावा. तो मजकूर वाचलेल्या दोन-चार व्यक्तींची नावे टिपून ठेवावीत. लौकिकाला बाध आला की नाही, हे त्याच सांगू शकतात.

खाते खोट्या नावाचे असेल तर अज्ञात प्रतिवादीविरुद्धही दावा लावता येतो. अशा आदेशांना आपल्याकडे 'अशोककुमार आदेश' असे नाव पडले आहे. खातेदाराची माहिती पुरविण्याचे निर्देश न्यायालय संबंधित कंपनीला देऊ शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यमाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध अपील ऐकण्यासाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये अपील समित्या स्थापन केल्या आहेत. तथापि, न्यायालयाचा आदेश असल्यावाचून माध्यम कंपन्या वादग्रस्त मजकूर काढतीलच, असे गृहीत धरू नये.

शासन, पंचायत आणि लोकसेवक

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तमिळनाडूतील एका नियतकालिकाच्या प्रकरणात असे स्पष्ट केले की, शासन, स्थानिक प्राधिकरणे आणि शासकीय अधिकार चालविणाऱ्या इतर संस्था यांना बदनामीबद्दल नुकसानभरपाईचा दावा आणता येत नाही. "ग्रामपंचायतीची बदनामी झाली" म्हणून ग्रामपंचायतीने असा दावा लावण्याचा ठराव करणे, हे या तत्त्वाशी विसंगत आहे. लोकसेवकाच्या कर्तव्यपालनाविषयी केलेले विधान खोटे निघाले तरी, ते सत्याची बेफिकिरी दाखवून केलेले होते असे सिद्ध झाल्यावाचून भरपाई मिळत नाही, असेही त्या निर्णयात सांगितले आहे. टीका करणाऱ्याने वाजवी पडताळणी केली असेल, तर तेवढे त्याला पुरेसे आहे. सत्तेच्या जागी बसलेल्या व्यक्तीने सामान्य नागरिकापेक्षा अधिक टीका सोसावी, अशी लोकशाहीची अपेक्षा असते.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या पदाच्या कामाविषयी झालेल्या बदनामीकारक टीकेविरुद्ध न्यायालयात किंवा वृत्तपत्राकडे जाण्यापूर्वी शासनाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते, अशी तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये आहे. खाजगी चारित्र्यावरील आघाताचे निराकरण करून घेण्याचा त्यांचा हक्क मात्र अबाधित आहे.

पालघरची आठवण

शब्दांवरील कारवाईत अतिरेक झाला तर काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईत बंद पाळला जात असताना, त्याविषयी फेसबुकवर नाराजी व्यक्त करणारी एक तरुणी आणि त्या मजकुराला पसंती दर्शविणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघर येथे अटक झाली. देशभर त्याची चर्चा झाली. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६-अ हे त्या कारवाईच्या मुळाशी होते. त्रासदायक किंवा गैरसोयीचा वाटेल असा मजकूर पाठविणे हाच त्या कलमानुसार अपराध होता. या घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्याला राग यावा आणि एखाद्याचा लौकिक खोट्या आरोपाने नष्ट व्हावा, या दोन गोष्टींत अंतर आहे, हे या निर्णयावरून लक्षात येते. कलम ६६-अ आज अस्तित्वात नाही. त्याचा आधार घेऊन कोणी तक्रार नोंदविण्याचा आग्रह धरला, तर त्यास तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

गावाने काय करावे?

कायद्याचा आश्रय हा शेवटचा उपाय असावा. खटला वर्षानुवर्षे चालतो, पैसा खर्च होतो आणि प्रत्येक तारखेला जुनी जखम नव्याने उघडी पडते. त्यापूर्वी करण्याजोगे पुष्कळ आहे.

ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत या विषयाची चर्चा घडवून आणता येईल. गावाच्या ग्रुपसाठी दोन-तीन साधे नियम ठरविता येतील : कोणावरही आरोप असल्यास तो ग्रुपवर न टाकता लेखी तक्रार करावी, चुकीचा मजकूर गेल्यास त्याच ग्रुपवर खुलासा करावा, आणि ज्याच्याविषयी मजकूर आहे त्याला उत्तर देण्याची संधी द्यावी. शिक्षकांना वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांपुढे १८६२ आणि १८८२ च्या खटल्यांची गोष्ट सांगता येईल. आज त्यांच्या हाती असलेल्या यंत्राचे सामर्थ्य एका जुन्या छापखान्याहून कमी नाही, हे त्यांना त्यातून सहज उमजेल.

अधिकाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. लेखी तक्रारींची दखल वेळेवर घेतली गेली नाही, की माणूस निरुपायाने समाजमाध्यमाकडे वळतो. आपल्या उदाहरणातील गट शिक्षणाधिकारी तक्रार मिळताच आठवड्याभरात शाळेत जाऊन साठा मोजतील आणि निष्कर्ष सूचनाफलकावर लावतील, तर निर्दोष गुरुजींचा लौकिक वाचेल आणि खरोखर तूट असल्यास मुलांचा तांदूळही वाचेल. त्या मोजणीला पोते, तराजू आणि नोंदवही एवढीच सामग्री लागते. गावाचा विश्वास टिकून राहण्यासाठी ती वेळेवर होणे मात्र आवश्यक आहे.